कॅन्ससच्या गव्हातलं एक जुनं मेनोनाइट चर्च : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विचिटात राहणाऱ्या मराठी माणसाकडे पाहुणे आले की चौथ्या दिवशी दाखवायचं काय हा प्रश्न पडतोच, मग गाडी काढून उत्तरेला न्यूटनच्या पुढे जायचं आणि गव्हाची शेतं बघत बघत गेसलला पोचायचं हा आमच्याकडचा ठरलेला कार्यक्रम. गावाच्या थोडं पुढे कॅन्सस १५ हायवेलगत एक मोठं पांढरं चर्च दिसतं, आलेक्झांडरवोल मेनोनाइट चर्च. ते बघून प्रत्येक जण साधारण तेच तेच विचारतो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

मेनोनाइट म्हणजे ते घोडागाडीवालेच ना? आमिश?

नाही हो. हा पहिला प्रश्न असतो दर वेळी. मूळ एकच, फांद्या वेगळ्या. १५२५ मध्ये झुरिचला काही लोकांनी ठरवलं की तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देण्यात अर्थ नाही, माणसाने मोठं होऊन, समजून उमजून, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करावा आणि मग बाप्तिस्मा घ्यावा. आज हे ऐकून कोणाची भुवई पण वर जाणार नाही, पण तेव्हा त्यासाठी माणसं नदीत बुडवून मारली, जाळली, कारण चर्चचं रजिस्टर आणि राजाचं रजिस्टर एकच होतं, आणि त्यातून बाहेर पडणं म्हणजे सरळ बंड. नेदरलँड्समध्ये मेनो सायमन्स नावाचा कॅथलिक पाद्री १५३६ मध्ये पाद्रीपण सोडून यांच्यात आला, विखुरलेली माणसं त्याने एकत्र बांधली, आणि त्याच्या नावावरून हे मेनोनाइट. आमिश हे त्याच परंपरेतले, पण १६९३ च्या सुमाराला स्वित्झर्लंड-अल्सास भागात वेगळे झालेले. गेसलचे लोक जीन्स घालतात, पिकअप चालवतात आणि त्यांच्या कंबाइनमध्ये एसी आणि जीपीएस असतो.

हत्यार उचलायचं नाही आणि शपथ घ्यायची नाही या दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा, पुढची सगळी भानगड पहिल्या गोष्टीवरूनच आहे.

हे लोक नक्की कुठले? जर्मन की रशियन की डच?

तिन्ही, आणि त्यात थोडे पोलिश पण मिसळलेले. या मंडळीचा सगळ्यात जुना ठावठिकाणा म्हणजे प्शेखोव्का, विस्तुला नदीकाठच्या श्वेट्स गावाजवळचं, आजच्या पोलंडमध्ये. डच मेनोनाइट सोळाव्या शतकात विस्तुलाच्या काठाला आले ते छळापासून पळत, आणि तिथल्या जमीनदारांनी ठेवून घेतलं कारण दलदल उपसून शेतं करायची विद्या यांच्याकडे होती. प्शेखोव्काची मंडळी "जुने फ्लेमिश" या कडक पंथाची, आणि त्यांचे संबंध थेट हॉलंडमधल्या ग्रोनिंगेनशी, इतके की १७१९ मध्ये तिकडून हेंड्रिक हुल्सहॉफ नावाचे एक वडील या मंडळ्यांची विचारपूस करायला मुद्दाम आले होते.

आडनावं बघा, श्मिट, उन्रू, वेडेल, बुलर, राट्झलाफ, पांक्राट्स, फोथ. काही जर्मन, काही स्लाव्ह वळणाची. राट्झलाफांची तर मस्त दंतकथा आहे, की त्यांचा मूळ पुरुष एक स्वीडिश सैनिक होता, त्याने आपली तलवार एका खांबात खुपसली ती खुपसलीच आणि मेनोनाइट झाला. खरी असेल नसेल, पण यावरून एवढं कळतं की बाहेरची माणसं पण आत येत होती, रक्ताने सगळे डच वगैरे काही नव्हतं.

चर्चचं नाव एवढं लांबलचक कसं पडलं?

झारमुळे. १८२० मध्ये प्शेखोव्काची मंडळी एल्डर (म्हणजे मंडळीचा मुख्य पाद्री) पीटर वेडेलच्या मागे गाड्या भरून रशियाकडे निघाली आणि वाटेत झार अलेक्झांडर पहिला याची गाठ पडली, त्याने चौकशी केली, तुमचं भलं होवो असं म्हणाला, म्हणून १८२१ मध्ये वसवलेल्या नव्या गावाला आलेक्झांडरवोल नाव दिलं (जर्मनमध्ये "वोल" म्हणजे भलं). घरोघरी हीच गोष्ट सांगतात. मला विचाराल तर नव्या राजाच्या मुलखात शिरताना गावाला राजाचंच नाव देणं यात व्यवहार पण होता, हे लोक भोळे अजिबात नव्हते.

पण प्रशियातून निघालेच का? तिथे तर दोन-अडीचशे वर्षं सुखात होते ना?

सुखात म्हणजे, पोलंडच्या राजाच्या काळात बरं होतं. १७७२ ला पोलंडची पहिली वाटणी झाली आणि तो भाग प्रशियाकडे गेला. प्रशिया हे जर्मन राज्य, आणि प्रशिया म्हणजे सैन्य. फौजेत माणूस देत नाही तर पैसे द्या, म्हणून १७८० पासून सगळ्या मेनोनाइटांनी मिळून दर वर्षी ५,००० थालर (तिथली चांदीची नाणी) भरायचे, आणि ते पैसे कुठे जायचे तर कुल्मच्या लष्करी शाळेला! म्हणजे लढाई नको म्हणणाऱ्यांच्या पैशाने पोरांना लढाई शिकवायची. शिवाय जमिनीच्या मालकीवर फौजेची जबाबदारी बसवलेली, म्हणून १७८९ च्या फर्मानाने मेनोनाइटांच्या नव्या जमीनखरेदीवर बंधनं आली. घरात पाच पोरं आणि जमीन वाढत नाही, तर शेतकरी काय करणार, उठणार.

तिकडे कॅथरीन राणीने काळ्या समुद्राच्या वरचा भाग नुकताच जिंकला होता आणि तिला तो कसायला माणसं हवी होती. फौजेतून कायमची सूट, स्वतःच्या शाळा, स्वतःचा गावकारभार, असं सगळं दिलं. मोलोच्ना वसाहत १८०४ मध्ये सुरू झाली, आलेक्झांडरवोल गाव याच वसाहतीत वसलं, आज तो भाग युक्रेनच्या झापोरिझ्झिया प्रांतात येतो, आणि २०२२ पासून रशियन फौजेच्या ताब्यात आहे.

मोलोच्नात मग काय केलं?

सुरवातीला हाल, मग भरभराट. योहान कॉर्नीस म्हणून एक जबरदस्त माणूस होता तिथे (१७८९ ते १८४८), पाद्री नाही, शेतकरी आणि धंदेवाला. झाडं किती लावायची, शेत पडीक कधी ठेवायचं, मेंढ्या कुठल्या, घराला रंग कुठला, सगळ्यात त्याचं लक्ष. लोक वैतागायचे त्याच्यावर, पण स्टेपच्या, म्हणजे तिथल्या गवताळ माळरानाच्या कोरड्या हवेत गहू काढायची रीत या काळात पक्की बसली आणि पुढे कॅन्ससमध्ये तीच कामी आली.

पण जमिनीचा घोळ इथेही आलाच. पूर्ण शेत म्हणजे ६५ देस्यातिना, साधारण पावणेदोनशे एकर, आणि ते तोडून वाटायचं नाही असा नियम. एकाला शेत, बाकीचे भाऊ भूमिहीन. १८६० च्या दशकात वसाहतीतली बहुसंख्य कुटुंबं भूमिहीन झाली होती आणि भूमिहीनाला गावकीत मत नाही. एकमेकांना "भाऊ" म्हणणाऱ्या लोकांनी हे आपल्याच लोकांशी केलं, यावर चर्चच्या स्मरणिकांमध्ये फारसं कोणी बोलत नाही.

अजून एक, मोलोच्नाच्या शेजारी नोगाई लोक राहायचे, पशुपालक, मुसलमान. क्रिमियन युद्धानंतर, १८६० च्या आसपास ते जवळजवळ सगळेच तुर्कस्तानकडे निघून गेले. ती मोकळी झालेली जमीन इतरांना मिळाली. हे लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

मग एवढं जमलेलं सोडून १८७४ ला अमेरिकेला कसे काय?

कारण परत तेच, फौज. १८७० च्या सुमाराला कळलं की सूट जाणार, सगळ्यांना सक्तीची सैन्यभरती. शिष्टमंडळं पीटर्सबर्गला गेली, विनवण्या झाल्या. १८७३ मध्ये बारा जणांचं पथक अमेरिका आणि कॅनडा बघायला पाठवलं, त्यात आलेक्झांडरवोलचे एल्डर याकोब बुलर होते. मॅनिटोबा, डकोटा, मिनेसोटा, नेब्रास्का, कॅन्सस, टेक्सस, सगळीकडे जाऊन शेतकऱ्याच्या नजरेने माती बघून आले.

कॅनडाने फौजेतून सूट लेखी दिली. वॉशिंग्टनने लेखी काही दिलं नाही, राष्ट्राध्यक्ष ग्रँटना भेटूनही नाही. तरी आलेक्झांडरवोलवाले कॅन्ससला आले, म्हणजे तत्त्व आणि माती यांचा हिशेब एकत्रच केला. मॅनिटोबाची थंडी आणि चिखल बुलरना भावला नाही, कॅन्ससची जमीन मोलोच्नासारखी दिसली. कॅन्ससच्या विधिमंडळाने १८७४ मध्ये राज्याच्या मिलिशियातून (नागरिकांच्या राखीव फौजेतून) सूट देणारा कायदा केला तेवढ्यावर भागवलं.

रशियाच्या सरकारला एवढे चांगले शेतकरी जायला नको होते, म्हणून जनरल टोटलेबेनना समजूत घालायला पाठवलं, बंदुकीऐवजी जंगल खात्यात काम करा अशी तडजोड निघाली. ती मान्य करून साधारण दोन-तृतीयांश लोक तिथेच राहिले. जे निघाले ते सगळे मिळून अंदाजे १८,००० होते.

पूर्ण गाव आलं म्हणतात ते खरं आहे का?

जवळजवळ. आणि या चर्चची खरी खासियत हीच आहे. बाकी ठिकाणी एकेकटी कुटुंबं अमेरिकेत आली, पाच-दहा वर्षांनी आसपास जमली आणि मग चर्च काढलं. इथे चर्च आधीपासून होतं, एल्डर, उपदेशक, सभासदांची वही, भांडणं, सोयरिकी, सगळ्यासकट त्याने फक्त जागा बदलली. त्यामुळे चर्च कधी स्थापन झालं विचारलं तर १८७४ म्हणायचं की १८२१ की सतराव्या शतकातलं प्शेखोव्का, हे सांगणाऱ्यावर अवलंबून. मी १८७४ ला "पोचले" म्हणते, "स्थापन" नाही म्हणत.

साधारण ८०० माणसं दोन जहाजांत विभागून हांबुर्गवरून निघाली. "सिंब्रिया" वर बुलर यांचा गट, ऑगस्टच्या शेवटी न्यूयॉर्कला लागला. "ट्यूटोनिया" वर डीट्रिख गेडर्ट यांचा गट, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. दोन जहाजांची पुढे दोन चर्चं झाली, गेडर्टवाले पश्चिमेला जाऊन होफनुंगसाउ म्हणून वसले, बुलरवाले इथे. (सिंब्रिया जहाज पुढे १८८३ च्या जानेवारीत टकरीत बुडालं, ४३७ माणसं गेली. यांचं नशीब.)

जमीन कुणी दिली? फुकट मिळाली का?

फुकट नाही, रोख विकत घेतली. हे नीट समजून घ्या कारण "बिचारे निर्वासित" असं चित्र डोक्यात असतं ते इथे बसत नाही.

अमेरिकन सरकारने रेल्वे कंपन्यांना रूळ टाकायच्या बदल्यात जमिनी दिल्या होत्या, बुद्धिबळाच्या पटासारख्या, एक चौरस मैल रेल्वेचा, एक सरकारचा. सँटा फे रेल्वेला कॅन्ससमध्ये सुमारे ३० लाख एकर मिळाले होते. आता रेल्वेला नुसती जमीन विकून भागत नाही, तिथे पीक काढून ते गाडीत भरणारे पण पाहिजेत. म्हणून सी. बी. श्मिट नावाचा जर्मन बोलणारा एजंट ठेवला आणि त्याने मेनोनाइटांना गाठलं. तिकडे नेब्रास्काची बर्लिंग्टन रेल्वे पण मागे लागली होती. बुलरांचा गट नेब्रास्कात लिंकनला थांबला होता तेव्हा दोन्ही कंपन्यांची लिलावासारखी चढाओढ झाली आणि या लोकांनी ती बरोबर वापरली. काही कुटुंबं नेब्रास्कातच राहिली, ३५ कुटुंबांनी तिथे वस्ती केली, ते आजचं हेंडरसन. बाकीच्यांना सँटा फेने टोपिकाला आणलं, एका पूल बांधायच्या कारखान्याच्या मोकळ्या इमारतीत उतरवलं, आणि टोपिकाचे लोक हे पोस्तीनवाले, भलत्याच टोप्यांवाले परदेशी बघायला गर्दी करायचे. खिशात सोन्याची नाणी आहेत हे कळल्यावर दुकानदारांची नजर बदलली, हे वेगळं सांगायला नको.

रेल्वेने शेताच्या जागी दोन लांबच्या लांब लाकडी शेड बांधून दिल्या, प्रत्येकी सुमारे २०० फूट लांब आणि १८ फूट रुंद. पहिला हिवाळा कुटुंबंच्या कुटुंबं त्यात राहिली, मधे पडदे, पोरांची रडारड, आणि रविवारी उपासना पण त्यातच.

वेळ मात्र विलक्षण साधली गेली. त्याच १८७४ च्या उन्हाळ्यात कॅन्ससवर टोळधाड आली होती, कणसं, पाला, दोरीवरचे कपडे, अवजारांच्या लाकडी मुठी, काहीच सोडलं नाही टोळांनी. आधीचे वसाहतवाले कंटाळून निघत होते. स्टेपवर टोळ बघितलेले हे लोक म्हणाले ठीक आहे, घेतो.

आणि त्यांच्या आधी तिथे कोण होतं?

चर्चच्या पत्रकात या प्रश्नाला जागा नसते म्हणून मीच घालतेय. कॅन्सस हे नावच ज्यांच्यावरून आलं ते कॉ, म्हणजे कान्झा, इथले मूळ रहिवासी लोक. त्यांची शेवटची राखीव जमीन कौन्सिल ग्रोव्हजवळ होती, गेसलपासून फार लांब नाही, आणि तिथून त्यांना १८७३ मध्ये दक्षिणेला इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात हलवलं. म्हणजे बरोबर एक वर्ष आधी. विस्तुलाकाठून निघालेली ही माणसं मोलोच्नात नोगाईंच्या शेजारी बसली आणि नोगाई गेले, कॅन्ससमध्ये आली तेव्हा कॉ नुकतेच घालवलेले. स्वतः त्यांनी कुणाला हाकललं नाही, बंदूक तर हातात धरत नव्हते, पण बंदुकीने आधी मोकळी केलेली जमीन त्यांना मिळाली. अलीकडे मेनोनाइट लोक स्वतःच यावर लिहायला बोलायला लागलेत, बऱ्यापैकी प्रामाणिकपणे.

ते गव्हाचं खरं आहे का? पेटीत बी आणलं म्हणे?

"टर्की रेड". हिवाळी, कडक दाण्याचा, लालसर गहू, क्रिमियाकडचा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरायचा, बर्फाखाली झोपतो, जूनमध्ये काढायचा, म्हणजे उन्हाळ्याचा कडाका आणि टोळ यायच्या आत पीक घरात. कॅन्ससमध्ये आधी मका आणि मऊ गहू होता, त्याला ही हवा झेपत नव्हती.

कुटुंबांनी थोडं थोडं बी आणलं हे बरोबर. एका आठ वर्षांच्या मुलीने एकेक दाणा निवडून पेटी भरली अशी गोड गोष्ट पण आहे, ती हिल्सबोरोच्या बाजूच्या ग्नाडेनाउ वस्तीतली, या चर्चची नाही. पण पेट्यांमधल्या बियाण्यावर राज्यभर गहू पिकत नसतो. ते काम केलं बर्नहार्ड वार्केंटिन या गिरणीवाल्याने. हा पण दक्षिण रशियातला मेनोनाइट, १८७२ लाच आलेला, हॅल्स्टेडला गिरणी घातली आणि नंतर १८८० च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर बी मागवलं. सुरवातीला तर गिरणीवाले हा गहू घ्यायलाच तयार नव्हते, दाणा इतका कडक की दगडी जात्यात नीट दळला जाईना. लोखंडी रोलरच्या गिरण्या आल्या तेव्हा याचा भाव वर गेला.

आपल्याशी नातं पण आहे याचं, लांबचं. जपानमध्ये १९३५ मध्ये "नोरिन १०" नावाचा बुटका गहू तयार केला, त्याच्या आईबापांमध्ये एक हा टर्की रेड. बुटकेपणा दुसऱ्या बाजूने, दारुमा नावाच्या जपानी गव्हाकडून आला, ते श्रेय टर्की रेडला देऊ नका. नोरिन १० वरून हरितक्रांतीवाल्या नॉर्मन बोरलॉगच्या मेक्सिकन जाती निघाल्या आणि १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून १८,००० टन बियाणं आणलं, लर्मा रोहो वगैरे. पुढे कल्याणसोना आणि सोनालिका त्याच घराण्यातल्या. तेव्हा गेसलला जाऊन गव्हाकडे परका म्हणून बघू नका.

म्युझियमच्या बाहेर तो दातेरी दगड कसला?

मळणीचा. गेसलच्या म्युझियममध्ये नीट हात लावून बघा. चुनखडीचा आडवा रूळ, गाईच्या पाठीएवढा लांब नाही पण दोन माणसांना उचलणार नाही इतका जड, आणि त्याला लांबीभर सात खोल दाते, वरून बघितलं तर चांदणीसारखा आकार. मधून लोखंडी दांडा, त्याला लाकडी चौकट, पुढे घोडा. खळ्यावर गहू पसरायचा आणि घोडा गोल गोल फिरवायचा. आपल्याकडे मळणीला बैलांची पात धरायचे, खुरांनी तुडवलं जायचं, इथे खुरांचं काम दगडाने.

कॅन्ससला आल्यावर यांनी मोलोच्नातल्या आठवणीप्रमाणे इथल्या पाथरवटांकडून हे दगड घडवून घेतले, आणि एक-दोन हंगामात कळलं की अमेरिकेत मळणीची यंत्रं भाड्याने मिळतात. संपलं. दगड अंगणात पडले, कुणी पायरीला लावले, कुणी कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू. जेवढा कमी वापरला तेवढा आता जास्त मिरवतात, नॉर्थ न्यूटनच्या बेथेल कॉलेजचं चिन्ह तेच आहे आणि त्यांच्या टीमचं नाव पण थ्रेशर्स.

त्याच म्युझियममध्ये गव्हाच्या काडांची विणलेली लिबर्टी बेल (फिलाडेल्फियाच्या प्रसिद्ध घंटेची नक्कल) आहे, खऱ्या घंटेएवढी, अमेरिकन स्वातंत्र्याच्या १९७६ च्या द्विशताब्दीच्या वेळची. ती बघितल्याशिवाय परत येऊ नका.

घरं कशी होती सुरवातीला? लाकूड तर नाहीच तिकडे.

झाडच नव्हतं. गवताचे आणि मातीच्या ढेपांचे आडोसे, मग हळूहळू विटा आणि विकतचं लाकूड. जळणाला काय? गोवऱ्या! खरंच. शेण आणि काड तुडवून, वाळवून, विटांसारखे तुकडे पाडून रचून ठेवायचे, मोलोच्नात हेच करायचे. दुसरं म्हणजे घराच्या मध्यावर विटांची भली मोठी भट्टी, त्यात गवताचे किंवा काडाचे पेंढे दिवसातून दोनदा कोंबायचे, विटा तापल्या की रात्रभर घर ऊबदार. बाकीचे अमेरिकन कोळसा विकत घेत होते आणि हे काड जाळून मजेत, शेजाऱ्यांनी नावं ठेवली आणि मग काहींनी नक्कल केली.

गावं दिसत नाहीत मग आता? सगळी सुटी सुटी घरं दिसतात.

बरोबर निरीक्षण. आधी रशियातल्यासारखी गावं केली होती, होखफेल्ड, ग्नाडेनफेल्ड, ब्लुमेनफेल्ड वगैरे, एक रस्ता, दोन्ही बाजूला घरं, मागे लांब पट्ट्यांची शेतं. पण अमेरिकेत जमिनीचा कागद चौकोनात, कर चौकोनात, आणि प्रत्येकाच्या नावावर आपापला तुकडा. काही वर्षांतच लोक आपापल्या शेतात राहायला गेले. गाव मोडलं, मग सगळ्यांना एकत्र धरणारी जागा एकच उरली, चर्च. म्हणून १८८६ मध्ये बांधलेली इमारत एवढी प्रचंड, माळरानाच्या मधोमध, आजूबाजूला बाजार नाही काही नाही. १९२८ मध्ये तिची बरीच बदलाबदल केली, आज दिसतं ते रूप त्यानंतरचं. पूर्वी बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला बसायचे.

गेसल गाव नंतरचं. १८९५ ला पोस्ट ऑफिस पाहिजे होतं आणि नाव सुचत नव्हतं, त्याच जानेवारीत उत्तर समुद्रात "एल्बे" जहाज बुडालं आणि कॅप्टन फॉन गोसेल जहाजाबरोबर गेला, पेपरात सगळीकडे तेच, तर त्याचं नाव दिलं. लिहायचं गोसेल, इथले म्हणतात गेसल. वस्ती आजही पाचशेच्या आसपास.

पाद्री कोण असायचा? पगार वगैरे?

आपल्यातलाच शेतकरी, मंडळीने निवडलेला, आयुष्यभरासाठी, बिनपगारी. आठवडाभर नांगर आणि रविवारी उपदेश. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन फक्त एल्डरने द्यायचं, बाकी उपदेशक त्याच्या हाताखाली. पगारी, सेमिनरीत शिकलेले पाद्री विसाव्या शतकातले. जुन्यांना ते आवडलं नसणारच, पण बिनपगारी एल्डर म्हणजे ज्याच्याकडे शेत मोठं आणि गडी आहेत तोच परवडणार, हेही आहे.

सगळ्यात मोलाची चीज म्हणजे मंडळीची वही. प्शेखोव्कात १७८४ मध्ये याकोब वेडेलने ती नीट लिहायला घेतली, आणि जुन्या लोकांना विचारून विचारून मागच्या शतकापर्यंतची घराणी त्यात भरली. ती वही रशियाला गेली, मग कॅन्ससला आली. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला भटजींकडे कुळाच्या वह्या असतात त्याची आठवण येतेच, फरक एवढाच की इथे वही मंडळीच्या मालकीची. आज अमेरिकेत शेकडो माणसं आपली वंशावळ यावरून काढतात.

युद्धात काय झालं यांचं? फौज टाळायला इतकं लांब आले आणि अमेरिकाच युद्धात.

१९१७. आणि वरून जर्मन बोलणारे! उपासना जर्मनमध्ये, घरात प्लाउटडीच म्हणजे त्यांची खालची जर्मन बोली. तरुण पोरांना कॅम्प फन्स्टनला, कॅन्ससमधल्या लष्करी छावणीत बोलावलं, युनिफॉर्म घालायला नकार दिला तर मारहाण, थंड पाण्याखाली उभं करणं, काहींना कोर्ट मार्शल होऊन लेव्हनवर्थच्या तुरुंगात पाठवलं. गावात वॉर बाँड, म्हणजे युद्धखर्चाचे कर्जरोखे घेण्याची जबरदस्ती. ११ नोव्हेंबर १९१८ ला, म्हणजे युद्ध संपलं त्याच दिवशी, बर्टन गावात एका मेनोनाइट शेतकऱ्याला (दुसऱ्या मंडळीतल्या) लोकांनी ओढून आणलं, झेंडा धरायला लावला, नाही म्हणाला तर अंगाला पिवळा रंग फासला आणि जवळजवळ फाशीच द्यायला निघाले होते.

यानंतर जर्मन हळूहळू मागे पडली, एका दिवसात नाही, दोन पिढ्या लागल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी चर्चवाल्यांनी आधीच सरकारशी बोलून ठेवलं आणि १९४१ पासून सिव्हिलियन पब्लिक सर्व्हिस सुरू झाली, जंगलात, मनोरुग्णालयांत बिनपगारी काम. टोटलेबेनच्या तडजोडीसारखंच झालं की नाही? जी नको म्हणून रशिया सोडला तीच साधारण ७० वर्षांनी इथे आनंदाने घेतली. अर्थात सगळेच नाही, बरेच मेनोनाइट मुलगे फौजेत गेले पण, आणि घराघरात त्यावरून बोलणं बंद झालं.

आणि जे मागे मोलोच्नात राहिले त्यांचं फार वाईट झालं. रशियन यादवीतल्या मख्नो या बंडखोराच्या टोळ्या, १९२१-२२ चा दुष्काळ, सामूहिकीकरण, मग हद्दपारी. १९२० मध्ये इथल्या मेनोनाइटांनी त्यांना धान्य पाठवायला मेनोनाइट सेंट्रल कमिटी काढली, ती आज जगभर काम करते, आणि दर एप्रिलमध्ये हचिन्सनला तिच्यासाठी गोधड्यांचा मोठा लिलाव होतो. गोधडीची बोली ऐकून आमच्या सासूबाई "अगं बाई, माझ्याकडच्या पाच तरी आणल्या असत्या" म्हणाल्या होत्या.

भारताशी काही संबंध?

आहे, आणि महाराष्ट्राला लागूनच. १८९७ आणि १९०० च्या दुष्काळात अमेरिकन मेनोनाइटांनी भारताला धान्य आणि पैसे पाठवले, आणि मदतीमागून मिशन आलं. एक शाखा १८९९ मध्ये धमतरीला. दुसरी, ज्या जनरल कॉन्फरन्समध्ये (मेनोनाइट चर्चांच्या संघात) हे चर्च होतं तिची, १९०१ च्या सुमारास चांप्याला, तिथे पी. ए. पेनर यांनी १९०२ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी आश्रम सुरू केला. तेव्हा दोन्ही गावं मध्य प्रांतात आणि त्याची राजधानी नागपूर, त्यामुळे परवानग्यांपासून सगळे कागद नागपूरलाच. आज ते छत्तीसगड. धमतरी-जांजगीरकडची मेनोनाइट कुटुंबं नागपूरला नोकरी शिक्षणाला आलेली आहेत, कधी कोणी "आम्ही मेनोनाइट" म्हणालं तर दचकू नका.

मिशनची सगळीच गोष्ट गोड नाही. रशियातल्या याच आलेक्झांडरवोल गावात १८५५ मध्ये जन्मलेला हाइनरिख फोथ अॅरिझोनात होपी या मूळ रहिवासी लोकांमध्ये मिशनरी होता. धर्मांतरं जेमतेम झाली, पण त्यांच्या गुप्त विधींचे फोटो काढले, वेद्यांच्या नकला म्युझियमसाठी केल्या, नको म्हणत असताना पवित्र जागेत घुसला. अभ्यासकांना त्याच्या नोंदी सोन्यासारख्या, होपींच्या मनात अजून राग.

जाऊन बघता येतं का? खायला काय मिळतं?

रविवारी सकाळच्या उपासनेला कोणीही गेलं तरी चालतं, कपड्यांचं फार काही नाही. चार आवाजांतलं गाणं ऐकण्यासाठी तरी जा, शेतकरी आजोबा बेस लावतात तेव्हा बाक हलतो. नंतर कोणीतरी हमखास विचारतं कुठले तुम्ही, आणि भारत म्हटलं की त्यांची कुठलीतरी मावशी चांप्याला नर्स होती असं निघतं.

खायला वेरेनिके, म्हणजे आत चक्का भरलेल्या उकडलेल्या करंज्या म्हणा, वरून पांढरी ग्रेव्ही. ग्रेव्हीत हॅम असतं, शाकाहारी असाल तर आधी सांगा, ते बिचारे साय वेगळी देतात. त्स्वीबाक म्हणजे एकावर एक बसवलेले दोन पाव, हेच वाळवून पोत्यांत भरून रशियातून प्रवासाला आणले होते. प्लुमामोस हे सुक्या मेव्याचं गार पातळ गोड, आपल्या लोकांना लगेच आवडतं. ऑगस्टच्या सुरवातीला गेसलला थ्रेशिंग डेज असतात, जुनी वाफेची इंजिनं चालू करून मळणी करतात, तेव्हाच जा, मुलांना पण मजा येते. फक्त टोपी आणि पाणी न्या, सावलीला झाड नाहीये अजून फारसं.